खंडेनवमीची बंदूक

खंडेनवमीच्या सकाळी नलिनी कोयत्याला कुंकू लावत होती, तोच भिंतीवरच्या पडद्यावर बंदूक कंपनीची जाहिरात लागली आणि केव्हाच वारलेले बाबा मांडीवर बंदूक घेऊन हसले. "नलू, आपल्या वेळी घरोघरी बंदूक होती. हक्क होता तो आपला. सोडू नकोस, बाय."

नलिनीच्या हातातलं कुंकू सांडलं. डुकराच्या शिकारीत बाबांच्याच गोळीने त्यांचा सख्खा भाऊ गेला, त्या दिवशी त्यांनी बंदूक खाडीत फेकली होती. मरेपर्यंत तिचं नाव काढलं नव्हतं.

"बाबांचा चेहरा, आवाज कंपनीला कोणी दिला?" तिने भावाला विचारलं.

सुहासने मान वर केली नाही. "जुने व्हिडिओ पडूनच होते गं. त्यांनी ही फुकट दिली." त्याने कापडातून नवी बंदूक काढून कोयत्याशेजारी ठेवली.

"मेल्या, बापाला विकलंस!"

तेवढ्यात शेजारून काकी आली, त्याच शिकारीत विधवा झालेली. तिने बंदुकीला झेंडू वाहिला, हात जोडले.

"काकी, तूसुद्धा?"

"रागावू नकोस गं. सकाळपासून माझ्या भिंतीवर तुझे काका आलेत. म्हणतात, आपल्याकडेही एक असू दे."