सातवी थाप

"कोणाले इचारून लावलं बे ते?"

गुलाबराव दारातूनच कडाडले. धाड गावच्या लग्नात जेवणाचं ताट अर्धवट टाकून उठले होते, ते जीपमधून उतरून घरी न जाता थेट भाच्याच्या खोलीवर आले. डोक्यावर फेटा तसाच, खिशाला मंडपात खोचलेलं गुलाबाचं फूल तसंच.

प्रसेनजितची खोली म्हणजे सोयाबीनची कोठी. भिंतींना पोती लावली की आवाज घुमत नाही, हे त्याचं स्वतःचं संशोधन. पोत्यांवर टॅब उभा केलेला, त्याला माइक जोडलेला, आणि माइकसमोर कानाला हेडफोन लावून गाणारी पोरगी, समीक्षा. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी नवं गाणं चाललं होतं. ती गप्पकन थांबली.

"काय झालं मामा?" प्रसेनजितनं विचारलं.

"काय झालं म्हणते! मंडपात डीजेवर माही ढोलकी वाजून राह्यली. माही! अन् सातवी थाप कुठं गेली तिच्यातली?"

आठ मात्रांचा ठेका. सातव्या मात्रेवर डाव्या हाताची घुमवलेली थाप. तीस वर्षं गायन पार्टीत गुलाबरावांनी हा ठेका धरला, आणि ती सातवी थाप ऐकली की लोक लांबूनच ओळखायचे, गुलाबराव बसले ढोलकीवर. सोयाबीन सोंगताना त्यांच्या डाव्या अंगठ्याला विळा लागला आणि नेमका त्याच आठवड्यात भाच्यानं टॅब आणला. वाजवा ना मामा, पाहू कसं येते, म्हणून मागं लागला. चिंधी बांधलेल्या हातानं त्यांनी वाजवलं. सातव्या थापेला कळ थेट मस्तकात जायची, म्हणून तेवढी सोडली. उठताना बजावलं होतं, हे कच्चं आहे, बोट बरं झालं की पक्कं वाजवून देतो. हाव मामा, म्हणाला होता गडी.

त्याच कच्च्यातल्या आठ मात्रा कापून यानं टॅबमध्ये गोल फिरायला लावल्या होत्या. वर कोणतंही गाणं ठेवा, खाली तीच ढोलकी.

"लूप हाये मामा तो," प्रसेनजित समजावणीच्या सुरात म्हणाला. "मी चार जणांले पाठवला, त्यायनं पुढं पाठवला. मोताळ्यापासून डोणगावपर्यंत सगळे तोच लावतात. अन् नाव तुमचंच टाकलं बरं! गुलाबमामा ढोलकी."

झालं! आगीत तेल पडलं.

"माह्या नावानं लंगडी ढोलकी फिरवून राह्यला लेका तू! अरे, चुकलेलं कोणी जगाले दाखवते काय? डीजेचं जाऊ दे. मंडपात एक पोट्टा खरी ढोलकी घेऊन बसला. दोन्ही हात धडधाकट. त्यानंबी सातवी खाल्ली! मी म्हटलं, बाप्पा, एक थाप गिळली तू. तं मले म्हणते, काका, ओरिजनल असंच हाये. मले म्हणते! मले!"

त्यांचा आवाज चिरकला. लोकांसमोर कोणी थोबाडीत मारावी, तसं त्यांना झालं होतं.

"पण लोक नाचतात ना मामा. बिघडलं काय?"

"नाचतात! लोक त भांडं बडवलं तरी नाचतात. काढ ते. आत्ताच्या आत्ता पक्कं घे माहं."

भाच्याची वाट न पाहता त्यांनी कोपऱ्यातली ढोलकी ओढली, कड्या सरकवून ताणली, मांडीखाली दाबली. अंगठ्यावर आता नुसता पांढरा वण होता. प्रसेनजितनं मुकाट्यानं दुसरा माइक पुढं केला. टॅबवर रेकॉर्डिंगची लाल पट्टी सरकू लागली.

राग सगळा हातात उतरला होता. असा ठेका गुलाबरावांच्याही हातून फार दिवसांत पडला नव्हता. सातवी थाप दर फेऱ्यात जागच्या जागी, भरीव आणि गोल. चार फेऱ्यांतच त्यांना हलकं वाटलं. प्रसेनजितची मानसुद्धा डोलायला लागली.

"गा पोरी," ते वाजवता वाजवता म्हणाले.

समीक्षानं उचललं. पहिली ओळ आली आणि सातव्या थापेवर ती अडखळली. हसली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून घेतले, हातानं मात्रा मोजल्या, आणि तिथंच फसली.

तिनं हेडफोन काढला. पोरगी गुणी होती. वडीलधाऱ्या माणसाला दुखवायचं तिच्या मनातही नव्हतं.

"मामा, रागावू नका. बाकी एक नंबर वाजवलं तुम्ही. फकस्त तिथं एक थाप जास्त पडून राह्यली. सगळ्याच गाण्यांत तिथं खाली असते. मले श्वास घ्याले जागा लागते ना."

गुलाबरावांनी भाच्याकडे पाहिलं. तो टॅबच्या काचेवरची धूळ बोटानं पुसत होता.

"मामा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तेवढी एक थाप मी कापून घेऊ काय? समजतबी नाही कोणाले."

गुलाबरावांनी उजवा हात ढोलकीवरून काढून मांडीवर ठेवला. मग डाव्या हातानं ती एकच थाप मारली. थांबले. पुन्हा मारली. पुन्हा. पोत्यांची धूळ उडाली, समीक्षा दोन पावलं मागं सरकली, तरी ते मारतच राहिले.

लाल पट्टी बंद करायचं प्रसेनजितला सुचलंच नाही. टॅबवर एकामागून एक तेवढीच थाप उमटत होती, आणि दोन थापांच्या मधे दुसरं काहीच नव्हतं.