फोनमधलं रोप
कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला आत शिरताना माझ्या लेकीनं, सोल्बीनं, माझाच फोन मागितला आणि तिचं अभ्यासाचं अ‍ॅप त्यात घालून एक रोप लावलं. "आई, संध्याकाळपर्यंत फोनला हात लावलास तर हे मरेल हं!" आज परीक्षेच्या दिवशी सोल शहरातली एकही आई समुद्री शेवाळाचं सूप करत नाही, निसरडं खाल्लं की पोर परीक्षेत घसरते म्हणतात, मग रोप मारायची माझी काय हिंमत! दिवसभर फोन पर्समध्ये वाजत राहिला. फाटकाबाहेर थांबलेल्या बाकीच्या आया आपापल्या फोनवर पेपरच्या बातम्या वाचून हबकल्या, "गणित भलतंच अवघड काढलंय मेल्यांनी!" मी पर्स पोटाशी धरून बसले. दिवेलागणीला फाटक उघडलं. "जगलं का?" सोल्बीनं लांबूनच विचारलं. मी फोन पुढे केला. हिरवंगार झाड! "गणिताला अडकले. मग आठवलं, बाहेर आईसुद्धा फोनला हात न लावता बसलीये. आणि गणितं सुटली." "चल घरी," मी म्हटलं. "सूप करते. खुशाल घसर!"