मडगार्डवरचं पाणी

अठ्ठ्याहत्तर सालच्या भंडाऱ्यात जुन्या गाडीची आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची संथ चाल, जमवावी ती तेजराम मिस्त्रीनंच. भांड्यांचे व्यापारी केशवराव यांची मोटार उभी राहिली की अडखळत बंद पडे. तेजरामनं कान लावून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला आणि नेहमीच्या रीतीनं मडगार्डवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला. इंजिन चालू, पाणी निश्चल.

"थेंब हालला तं मिस्त्रीपण सोडीन!" म्हणत त्यानं गाडी बंद करून चावी काढली.

पाणी थरथरू लागलं. तीन ठोके, चौथा चुकलेला. गाडीची तीच जुनी खोड.

"मिस्त्री, पाणी हालून राह्यलं," केशवराव पुटपुटले.

तेजरामला ते झोंबलं. त्यानं वाकून स्क्रू पाव आटा फिरवला. पाणी स्तब्ध झालं.

"आता पाहा!" तो छाती फुगवून म्हणाला.

केशवराव त्याच्या मुठीतल्या चावीकडे पाहत होते.