जीपवर चाललेला टीव्ही

फकीर मोहम्मदनं खिडकीतून हात घातला आणि भगवानरावांच्या जीपची चावी फिरवली. इंजीन बंद झालं. जानेफळात तीस वर्षं बॅटऱ्या भरणाऱ्या माणसानं असलं काही करू नये, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वादळानं खांब पाडल्याला तीन दिवस झाले होते. वीज नाही, मोबाइलचा टॉवरही मुका. दुकानातल्या भरलेल्या बॅटऱ्या गावानं पहिल्याच दिवशी नेल्या आणि फकीरनं कुणालाही नाही म्हटलं नाही. आज राष्ट्रीय खो-खोचा अंतिम सामना होता, महाराष्ट्राच्या मुलींत त्याची पोरगी शाइस्ता खेळणार होती, आणि बॅटरीवाल्याच्याच घरी टीव्ही लावायला बॅटरी नव्हती. हे कळल्यावर भगवानरावांनी आपणहून जीप आणून त्याच्या दारात उभी केली. हीच ती जीप, जिला कुणी हात टेकलेलाही त्यांना खपत नसे.

फकीरनं बॉनेट उघडून बॅटरीला चिमटे लावले, इन्व्हर्टर जोडला आणि तिथून ओट्यावरच्या जुन्या डब्बा टीव्हीपर्यंत वायर ओढली. बॅटरी म्हातारी झाली होती. ती बदला, असं तो भगवानरावांना वर्षभर सांगत होता. म्हणून त्यानं सगळ्यांना बजावलं, की गाडी चालू राहू द्या, गाडी चालू तोवर टीव्ही चालू.

गाडी चालू राहिली, टीव्हीही चालला. फक्त ऐकू काही येईना. त्या डिझेल इंजिनाची धडधड एवढी, की टीव्हीला चिकटून बसलेल्यालाही समालोचक काय बोलतो ते कळेना. शेवटच्या डावात शाइस्ता पळतीला उतरली. आता तो तिचं नाव नक्की घेणार, आणि बापाला ते ऐकायचं होतं. बस, एवढंच.

इंजीन थांबलं आणि अंगणभर आवाज आला, "शाइस्ता फकीर मोहम्मद, बुलढाणा से."

ओट्यावर टाळ्या पडल्या. आपलं नाव फकीरनं रेशन कार्डावर पाहिलं होतं, दुकानाच्या पाटीवर स्वतः रंगवलं होतं. ते असं, इतक्या लांबून, पोरीच्या नावाला जोडून कुणी घेतलेलं तो पहिल्यांदा ऐकत होता. त्याला सुखानं काही सुचेना. पोरगी हुलकावण्या देत राहिली आणि समालोचक नाव घेत राहिला. आणखी एकदा ऐकू, मग गाडी चालू करू, असं फकीरनं मनाशी तीनदा तरी ठरवलं.

इन्व्हर्टर कुईकुई करू लागला. त्याची बायको हुस्नबानो हा आवाज चांगला ओळखत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं नुसता हात वर करून थांब म्हटलं. शाइस्ताच्या जोडीच्या दोघी बाद झाल्या होत्या, ती एकटी उरली होती. अजून एक मिनिट टिकली तर सामना महाराष्ट्राचा. तिनं खांबाला वळसा घातला आणि टीव्ही काळा झाला.

भगवानराव उठले, जीपमध्ये बसले, चावी फिरवली. नुसतं खट्ट झालं.

"तीस वर्स झाले बॅटऱ्या भरून राह्यला तू," ते खाली उतरून म्हणाले, "अन् गाडी बंद काऊन केली?"

"नाव ऐकू येत नव्हतं तिचं," फकीर म्हणाला.

आता याची काही धडगत नाही, असं सगळ्यांना वाटलं. पण भगवानराव पुन्हा जीपमध्ये जाऊन बसले.

"चिमटे काढा," ते म्हणाले. "अन् लावा धक्का."

ज्या जीपला कुणी बोट लावायचं नाही, तिला वीस-पंचवीस माणसं भिडली. हुस्नबानोही पदर खोचून भिडली. बसस्टँडच्या उताराला इंजीन सुरू झालं. घाईत भगवानरावांनी जीप उलटीच आणून लावली, तिचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ ओट्याकडे. वायर कशीबशी पुरली. पाय ढिला झाला की गाडी पुन्हा बंद पडेल, असं फकीरनं सांगितलं, म्हणून ते अॅक्सिलरेटर दाबून बसून राहिले. आरशात त्यांना नुसती माणसांची डोकी दिसत होती.

टीव्ही हळूहळू उजळला. मुलींनी शाइस्ताला खांद्यावर घेतलं होतं. खाली गुणांची पट्टी होती, ती एकानं मोठ्यानं वाचली. इंजिनापुढे तीही कुणाला ऐकू गेली नाही. मग शाइस्ताला खाली उतरवून कुणीतरी तिच्यापुढे माइक धरला. तिचे ओठ हलू लागले.

"काय झालं बे?" भगवानराव मान न वळवता ओरडले. "कोणी सांगसान का मले?"

फकीर धावत खिडकीशी गेला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"जिंकली, भगवानराव," तो म्हणाला. "पण पाय काढू नका. पोरगी बोलून राह्यली."

भगवानरावांनी पाय आणखी दाबला.