ठशातली दाढ

मुलीच्या दातांना तार लावायची म्हणून मी तिच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे घेतले, आणि आठवड्याभरात ती तापाने गेली. बिजागरीला जोडलेले ते ठसे दवाखान्याच्या फळीवर तसेच राहिले.

दातांच्या डॉक्टरची पोर ती. मी दोन्ही वेळा मागे लागून ब्रश करून घ्यायचो. तिचा एकही दात किडलेला नव्हता.

यंदा ठशातल्या एका दाढेवर काळा ठिपका दिसला. प्लास्टरला कुठली आलीय कीड? तरी मी तो कोरून भरला. महिन्याभरात शेजारची दाढ काळी पडली.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी ठसे घासतो. बायको दारात उभी राहते.

"अहो, पुरे करा आता. ती नाहीये."

घासूनही काल तिसरी दाढ गेली. कीड किती खोल आहे ते बघायला आज मी त्या दाढेत तपासायची बारीक सळई घातली. टोक तळाला टेकलं मात्र, वरचा जबडा सावकाश खाली आला आणि सळई दातांत धरून थांबला.

"हळू," दारातून बायको म्हणाली. "दुखतंय तिला."