बत्त्याचा आवाज

फोन साडेतीनला यायचा होता. तो तीन वाजून बारा मिनिटांनी आला, तेव्हा सिरिनची दहाही बोटं लाल मिरचीनं बरबटलेली होती. तिनं कोपरानं फोन घेतला, कोपरानंच स्पीकर लावला आणि बत्ता हातातच ठेवला.

"जरा लवकर केला," ओरथाई मॅडम म्हणाल्या. "चालेल ना?" त्या बँकॉकमधल्या एकतिसाव्या मजल्यावरून बोलत होत्या. त्यांच्या मागे कसलाच आवाज नव्हता, पंख्याचासुद्धा नाही.

"चालेल. फक्त माझे हात मोकळे नाहीत. वाटण अर्धवट टाकलं तर शेजारून शिव्या बसतात. तुम्ही बोला, मी ऐकते."

"वाटण? तुम्ही?"

"सोळा दिवस झाले शिकतेय. अजून कुणी आजारी पडलेलं नाही."

पलीकडे हसू दाबल्यासारखं झालं. मग आवाज पुन्हा सरळ झाला. "तुमच्या भांडवलावर चारला आमची बैठक आहे. पाच जण आहोत. दोघांचं हो आहे, दोघांचं नाही. पाचवी मी."

सिरिननं बत्ता उचलला. महाचाई बंदरातल्या दोन बर्फ कारखान्यांत तिच्या कंपनीच्या मुठीएवढ्या डब्या यंत्रांवर चिकटवलेल्या होत्या. यंत्राचा आवाज ऐकून आतला कुठला भाग झिजत चालला आहे, हे त्या आठवडाभर आधी सांगत. आज भांडवल मिळालं, तर आणखी चाळीस कारखान्यांशी बोलणं झालेलं होतं. नाही मिळालं, तर महिनाअखेर डब्या काढून आणायच्या आणि तिनं व तिच्या दोन्ही भागीदारांनी नोकऱ्या शोधायच्या. हे तिनं लपवलं नव्हतं. मॅडमना पाठवलेल्या कागदांत ते पहिल्याच पानावर होतं.

"तुमचं कुठे अडलंय?" तिनं विचारलं.

"आवाजावर." टक, टक, बत्ता पडत होता. मॅडमनी आपला आवाज थोडा चढवला. "आमचे इंजिनिअर म्हणतात, कारखान्यात वीस यंत्रं एकदम धडधडत असतात. त्यात एखादं यंत्र न उघडता, आत न बघता, नुसतं ऐकून काय बिघडलंय ते सांगायचं म्हणजे ज्योतिष झालं. तुमचे आकडे मी पाहिले. चांगले आहेत. पण माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांचेच आकडे चांगले असतात. मला स्वतःला पटलं पाहिजे."

याचं उत्तर सिरिनकडे होतं. चौदाव्या पानावर, तीन आलेखांसकट. बोलायच्या तयारीत तिनं बत्ता थांबवला आणि डावा हात लसणाच्या वाटीकडे नेला.

"लसूण घालू नकोस!" भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं. "गवती चहा अजून अख्खा आहे. वरवर मारतेयस नुसती. गप्पाच मारायच्या तर तो बत्ता ठेव खाली, दगडाला तरी विश्रांती!"

सिरिननं खलात पाहिलं. मिरचीच्या लगद्यात गवती चहाच्या चकत्या होत्या तशा होत्या, कडक, गोल, न फुटलेल्या. तिनं हात मागे घेतला.

"कोण ते?" मॅडमनी विचारलं.

"लमाईमावशी. माझ्या घरमालकीण. त्याच शिकवतात मला."

"तुमच्याशेजारी उभ्या आहेत?"

"नाही. त्या त्यांच्या घरात आहेत. मध्ये फळ्यांची भिंत आहे. गुडघ्यामुळे त्यांना उठवत नाही, म्हणून तिथूनच शिकवतात."

"मग त्यांना दिसलं कसं?"

सिरिन सांगणार होती. सांगितलं नाही. चौदाव्या पानाचंही नाव काढलं नाही. कोपरानं ढकलत ढकलत तिनं फोन खलाच्या अगदी कडेशी आणला.

"ऐका," ती म्हणाली.

तिनं बत्ता तिरका धरला आणि कडेनं घाव घालायला लागली. खालच्या कालव्यातून एक होडी इंजिन फटफटवत चालली होती. मावशींचा रेडिओ चालू होता. कुणाच्या तरी दारात कुत्रं भुंकत होतं. त्या सगळ्यात खल वाजत होता. टक, टक, टक. कोरडा, वर उडणारा आवाज. दांडीतून मनगटापर्यंत झिणझिण्या येत होत्या.

फोन बंद झाला नव्हता. भिंतीपलीकडून अजून 'घाल' असं आलं नव्हतं. घड्याळात साडेतीन होत आले होते.

होडी लांब गेली. खांदा भरून आला, तरी सिरिननं वेग बदलला नाही. आणि मग आवाज थोडा खाली बसला. आधी कडेला, मग मधोमध. त्याचा कडकपणा गेला, तो जाड झाला, ओला झाला. सोळा दिवसांत पहिल्यांदाच तो फरक तिच्या स्वतःच्या कानांनी टिपला. खलात बघायची तिला गरज वाटली नाही.

तरी तिनं लसणाला हात लावला नाही. घाव घालत ती वाट बघत राहिली.

भिंतीपलीकडून मावशी आणि फोनमधून मॅडम एकाच वेळी म्हणाल्या, "हं, आता लसूण!"