लहान स्टेशनाचा थांबा

"त्या लहान स्टेशनाशी गाडी अडते, तेवढं नीट कर रे," आई म्हणाली. "तीस वर्षं तिचा आवाज थांबला की कणकेच्या हातानं स्वयंपाकघरातून येऊन ढकलतेय मी ती."

वडील गेल्यावर त्यांची टेबलभर मांडलेली छोटी रेल्वे निरंजनने डिजिटल करायला घेतली होती. इंजिनात चिप बसली, वेग मोबाइलवर आला. लहान स्टेशनापाशी रुळात दोन फटी सापडल्या; त्या त्याने कथलाचा डाग देऊन बुजवल्या.

गाडी सोडली. सवयीनं आई कणकेचं बोट पुढे करून टेबलाशी आली. गाडी तिच्यासमोरून न अडता गेली.

"सुटले बाई एकदाची," म्हणत ती आत वळली.

जुन्या वायरी गुंडाळताना एक काही संपेना. फटींपासून निघून ती टेबलाखालून वडिलांच्या खुर्चीच्या हातापर्यंत गेली होती. तिथे बटण होतं; दाबलं की फटींमधल्या रुळाची वीज तुटायची आणि गाडी तिथेच थांबायची. त्या फटी त्यांनीच करवतीनं पाडल्या होत्या. बायकोला नावानं हाक मारणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

त्याने बटण दाबलं. गाडी स्टेशनावरून सरळ निघून गेली. स्वयंपाकघरातून कोणी बाहेर आलं नाही.